पोळपाट-लाटण्याचा इतिहास

स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा जिजामाता, अहल्यादेवी, झाशीची राणी ही नावे प्रथम डोळ्यांपुढे आली. ती आपणां सर्वांना वंदनीयच आहेत. परंतु त्यांच्याविषयी अधिकारी लेखिकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मला जो इतिहास सांगावासा वाटतो त्यात पोळपाट, लाटणे, शेगडी आणि हिशेबाची वही एवढीच सामग्री आहे. तो बहुतेक सारा या मुंबईत आणि आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे, आणि तो घडविणाऱ्या बायका आपल्यासारख्याच होत्या.

हा विषय घेण्याचे कारण असे. आपल्या मंडळात वरचेवर एकच प्रश्न निघतो. घर सांभाळून, हाताशी फारसा पैसा नसताना, चार पैसे मिळवून देईल आणि मनालाही समाधान देईल असे काम कोणते? मग कोणी शिवण सुचविते, कोणी मसाले, कोणी पोळी-भाजीचे डबे, कोणी दिवाळीचा फराळ. यांतले एकही काम वाईट नाही. परंतु मागच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बायकांनी ही कामे कशी केली हे पाहू लागले की ध्यानात येते, कोणते काम निवडले यावर सगळे अवलंबून नव्हते. एकच काम करून एक बाई जन्मभर मजूर राहिली आणि दुसरी मालकीण झाली. हा फरक कशाने पडला, ते पाहण्याचा माझा प्रयत्न आहे.

आरंभ पंडिता रमाबाईंपासून केला पाहिजे. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. त्या काळी विधवा बाई म्हणजे घरातली बिनपगारी स्वयंपाकीण. दोन वेळचे अन्न आणि अंगावरचे वस्त्र यांपलीकडे तिच्या कष्टाला किंमत नव्हती. शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. इकडे रमाबाईंनी दौंडजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. तेथे दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायका शेती, विणकाम आणि छापखान्याची कामेदेखील शिकल्या. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यात त्यांचे मोठे साहाय्यक. सेवासदनाने बायकांना शिवण शिकविले, शिक्षिका तयार केल्या आणि परिचारिकेचे शिक्षण घेण्यास धीर दिला.

या थोर माणसांचे उपकार किती सांगावेत! बाईच्या हातालाही विद्या येते आणि त्या विद्येला मोल आहे, हे समाजाला प्रथम यांनी पटविले. जी शिक्षिका झाली, परिचारिका झाली, तिला पगाराची नोकरी मिळाली. परंतु जिला लहान मुलांमुळे वा घरच्या माणसांमुळे उंबऱ्याबाहेर दिवसभर राहणे शक्य नव्हते, तिचे काय? ती शिवण शिकली, भरतकाम शिकली, लोणची-मुरंबे तर तिला येतच होते. पण तिचा माल घेणार कोण आणि कोणत्या भावाने, हा प्रश्न तसाच राहिला. एखाद्या प्रदर्शनात दयाबुद्धीने कोणी तिचा रुमाल विकत घेतला, तर त्यावर वर्षाचा संसार चालत नाही.

याच सुमारास मुंबईत, कोणत्याही संस्थेच्या मदतीवाचून, बायकांनी आपला एक धंदा उभा केला होता. तो म्हणजे खाणावळीचा. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. त्यानंतर लालबाग, परळ, वरळी, नायगाव या भागांत गिरण्यांची धुराडी वाढत गेली. कोकणातून, तसेच सातारा-कोल्हापूरकडून हजारो पुरुष कामाला आले. बायका-मुले गावी आणि हा येथे एका खोलीत दहा-बारा जणांत भाडे वाटून राहणारा. पाळी संपवून आल्यावर त्याला ताटावर गरम भाकरी कोणी वाढावी? मग चाळीतलीच एखादी बाई पुढे होई. कोणाचा नवरा बेकार, कोणाचा वारलेला, कोणी टाकलेली. आपल्या घरच्या चार माणसांत आणखी दहा-वीस माणसांचा स्वयंपाक ती घाली. पहाटे उठून पाणी भरणे, शेगडी पेटवणे, पाळीच्या वेळेला डबे तयार ठेवणे, रात्री पुन्हा तेच. रविवारी वशाट. जेवणाऱ्यांना ती मावशी नाहीतर वहिनी.

भांडवलाच्या दृष्टीने पाहिले तर याहून स्वस्त धंदा नाही. जागा आपली, भांडी आपली, विद्या आईकडून आलेली. गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, ते जिना चढून येते. तरी या बायका कर्जातून वर का येत नव्हत्या? कारण असे की, जेवणारा पैसे देई तो महिन्याच्या पगाराला आणि धान्य, तेल, कोळसा लागे तो रोजच्या रोज. मधले दिवस काढायला वाण्याची उधारी किंवा सावकाराचे पैसे, आणि त्यासाठी गळ्यातले मणी किंवा घरातली तांब्या-पितळेची भांडी गहाण. समजा, एखादीने १०० रुपये महिना शेकडा दहा व्याजाने घेतले, तर वर्षाला नुसते व्याजच १२० रुपये झाले. म्हणजे दहा-वीस माणसांना रांधून जे सुटले ते व्याजात गेले आणि मुद्दल जागच्या जागी. काम तिचे, घाम तिचा आणि फळ दुसऱ्याचे. तिला "काय करता?" असे विचारले असते तर तिने "काही नाही, घरीच असते" असे सांगितले असते. आजही आपल्यापैकी कित्येक जणी असेच सांगतात.

आता गिरगावात येऊ. १५ मार्च १९५९ रोजी तेथल्या लोहाणा निवास या चाळीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटायला बसल्या. त्यांतल्या जसवंतीबेन जमनादास पोपट यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. या सात जणींनी छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून ऐंशी रुपये घेतले. पारेख यांना सर्व जण छगनबापा म्हणत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे ते सभासद. सेवासदनाचे देवधरही याच समाजाचे, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. ऐंशी रुपये ही त्या काळीही फार मोठी रक्कम नव्हती, एक तोळा सोन्याला तेव्हा शंभराहून अधिक रुपये पडत. महत्त्वाचे हे की ते पैसे उसने होते. देणगी घ्यायची नाही, धंद्यात तोटा आला तरी कोणापुढे हात पसरायचा नाही, असे या बायकांनी पहिल्यापासून ठरविले होते. पापडाचा एक तोट्यात गेलेला धंदा त्यांनी हाती घेतला आणि त्या पैशांतून लागणारे सामान आणले.

पापड म्हणजे काय हे आपणांला कोणी शिकवायला नको. उडदाची डाळ दळायची, पापडखार, हिंग, मिरे घालून पीठ घट्ट भिजवायचे, तेलाचा हात लावून कुटायचे, दोऱ्याने लाट्या पाडायच्या, मग लाटून वाळवायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात शेजारपाजारच्या बायका एकमेकींकडे लाटायला जातात आणि पोरे भोवती डांगराच्या लाट्या मागत बसतात. गिरगावच्या भगिनींनी याहून वेगळी विद्या काढली नाही. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. तीन महिन्यांत लाटणाऱ्या पंचवीस झाल्या.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. मी हा आकडा वाचला तेव्हा हिशेब करून पाहिला. पंचवीस बायकांत वाटला तर एकीच्या वाट्याला वर्षाला २५० रुपयेही येत नाहीत, आणि ही विक्री होय, त्यातून डाळ-तेलाचा खर्च जायचा आहे. म्हणजे पहिले वर्ष गरिबीचेच गेले. त्यातही पावसाळ्याचे चार महिने काम बंद, कारण पापड वाळायला ऊन नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा, की पावसातही पापड वाळले. चार महिन्यांची अडचण एका खाटेने दूर झाली. यंत्रसामग्री म्हणतात ती हीच.

छगनबापांनी त्यांना ऐंशी रुपयांपेक्षा अधिक मोलाची दोन गोष्टींची शिकवण दिली. प्रथम या बायका दोन प्रतीचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. बापांनी सांगितले की हलका माल काढूच नका. एकच प्रत आणि तीही उत्तम. दुसरे, हिशेब चोख ठेवा आणि हे धर्मकार्य नसून धंदा आहे असे समजून चालवा. आपल्या मंडळातल्या भगिनींनी या दोन गोष्टी लाटण्यावर कोरून ठेवाव्यात. आपण "बायकांनीच केले आहे, थोडे इकडेतिकडे चालेल" असे म्हणतो, आणि घेणाराही एकदा दयेने घेतो, पुन्हा येत नाही.

१९६२ साली मालाला नाव ठेवण्यासाठी स्पर्धा घेतली आणि पाच रुपयांचे बक्षीस ठेवले. त्यातून 'लिज्जत' हे नाव निघाले. १९६२-६३ मध्ये विक्री १ लाख ८२ हजार रुपयांवर गेली. १९६६ साली 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या नावाने संस्थेची नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली आणि खेळत्या भांडवलाला साहाय्य केले. सात वर्षे आपल्या पायावर उभे राहिल्यानंतर ही मदत आली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुढे शाखा निघत गेल्या आणि सातांच्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास भगिनी झाल्या. जसवंतीबेन यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

या संस्थेची रीत समजून घेण्यासारखी आहे. पीठ शाखेत मळले जाते. भगिनी सकाळी येऊन ते घेऊन जाते, घरी लाटते, वाळविते आणि दुसऱ्या दिवशी वजन करून देते. लाटणावळ हातात पडते, पुन्हा नवे पीठ. जिच्या घरी जागा नाही किंवा जिला लाटणे जमत नाही तिला पीठ मळणे, वजन करणे, पाकिटे भरणे अशी कामे असतात. जात, धर्म, शिक्षण विचारीत नाहीत. सभासद केवळ स्त्रियाच, आणि प्रत्येक सभासद ही मालकीण. नफा झाला तर सर्वांचा, तोटा झाला तर तोही सर्वांचा.

या शेवटच्या वाक्यात माझ्या लेखाचे सार आहे. ते समजण्यासाठी दुसऱ्या एका लाटण्याकडे, म्हणजे विडी वळण्याकडे पाहावे. सोलापूर आणि सिन्नरकडे हजारो बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून विड्या वळल्या. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा मिळे, बाई घरी पाने कापून, वळून, जुड्या बांधून नेऊन देई, आणि हजारी हिशेबाने मजुरी मिळे. वरवर पाहिले तर पापड लाटणारी आणि विडी वळणारी यांच्यात काय फरक? दोघी घरी बसून काम करतात, दोघींना कच्चा माल बाहेरून मिळतो, दोघींना केलेल्या कामावर पैसे. परंतु विडीवालीने वळलेल्या विड्यांतून खराब म्हणून ज्या बाजूला काढल्या जात त्यांची मजुरी बुडे. हजाराचा दर ती ठरवीत नसे, आणि नफा कारखानदाराचा. शिवाय तंबाखूचा वास आणि धूळ घरातल्या तान्ह्या मुलाच्याही नाकात. १९६६ साली विडी-कामगारांसाठी कायदा झाला, तो घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हणतो, हे चांगले झाले. तरी कायद्याने तिला कामगार केले, मालकीण केले नाही.

आता पुन्हा खाणावळवाल्या बायकांकडे वळते, कारण त्यांची गोष्ट अर्धी राहिली आहे. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि नंतर गिरणगावात कामगार चळवळीत पडलेल्या प्रेमा पुरव यांनी पाहिले की, १९७३-७४ च्या संपाच्या दिवसांत कामगारांच्या पोटात अन्न गेले ते या बायकांमुळे. पगार नाही म्हणून त्यांनी ताट बंद केले नाही. आपले दागिने गहाण टाकून त्या उधारीवर वाढीत राहिल्या. परंतु संपाच्या इतिहासात त्यांचे नाव कोठे? १९७५ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षी, पुरव यांनी या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

मंडळाने पहिले काम केले ते सावकाराला बाजूला सारण्याचे. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९७२ साली अगदी थोड्या मिळकतीच्या लोकांना दरसाल शेकडा चार व्याजाने कर्ज देण्याची योजनाही निघाली होती. पण खाणावळवाली बँकेची पायरी चढणार कशी? तिच्याजवळ तारण नाही, ओळख नाही, सही येत नाही. मंडळाने या बायकांचे गट केले. गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. तोच स्वयंपाक, तीच चूल, तेच जेवणारे. फक्त व्याज बदलले. वर सांगितलेल्या १०० रुपयांवर सावकाराला १२० रुपये जात होते, तेथे बँकेला वर्षाला चार रुपये पुरू लागले. उरलेले ११६ रुपये घरात राहिले. बाईने एक भाकरीही जास्त थापली नाही, तरी तिची मिळकत वाढली. "धंदा कोणता करू?" असे विचारण्यापूर्वी "आहे त्या धंद्यातले पैसे कोठे गळतात?" हे पाहावे, ते यासाठी.

१८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या सुमारास गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उठले नाही. कामगार गावी परतले, ताटांवर बसणारे कमी झाले. पण मंडळ होते म्हणून पुष्कळ बायकांना दुसरा मार्ग काढता आला. सामुदायिक स्वयंपाकघरे झाली, कचेऱ्यांना जेवण जाऊ लागले. एकटी असती तर गिऱ्हाईक गेले त्या दिवशी बाई बसली असती.

बँकेची पायरी चढण्याऐवजी बँकच आपली का काढू नये, असा विचार अहमदाबादच्या बायकांनी केला. इला भट्ट यांनी १९७२ साली तेथे 'सेवा' ही स्वतःचे काम स्वतः करणाऱ्या बायकांची संघटना काढली. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, चिंध्या वेचणाऱ्या होत्या, हातगाडी ओढणाऱ्याही होत्या. नोंदणीच्या वेळी सरकारी कचेरीत प्रश्न निघाला की यांना मालक कोण? मालकच नाही तर युनियन कसली? बायकांनी तेथेही हार मानली नाही. १९७४ साली चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून चाळीस हजारांच्या भांडवलावर सहकारी बँक स्थापन केली. सही येत नाही म्हणून खातेपुस्तकावर बाईचे छायाचित्र लावण्याची युक्ती काढली.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातील म्हसवड येथे तशीच गोष्ट घडली. तो दुष्काळी मुलूख. चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी बँक काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो प्रथम नाकारला गेला, कारण पुष्कळ जणी अंगठा उठविणाऱ्या. बायका अक्षरे गिरवू लागल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. आम्हांला लिहिता येत नसेल, पण तुम्ही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनी यंत्रावर करून पाहावे, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उघडली. हे वाचून माझा ऊर भरून आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दूधवाला, वाणी, मुलांची फी, भिशी यांचे हिशेब वीस-पंचवीस वर्षे तोंडी करीत आलेल्या आपण बायका "आम्हांला व्यवहारातले काय कळते?" असे का म्हणतो?

पुढे १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचे काम हाती घेतले. त्यामुळे ही रीत गावोगावी पोहोचली. आज दहा-वीस बायकांचा गट महिन्याला थोडी थोडी बचत करतो, आपसांत कर्ज देतो, वही नीट असेल तर बँकही कर्ज देते, हे आपण पाहतोच. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता या साऱ्या इतिहासातून आपण काय घ्यायचे? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे चार गोष्टी मांडते.

पहिली गोष्ट अशी की, नवे यंत्र घेण्याआधी हातची विद्या पाहावी. गिरगावच्या भगिनींनी पापड निवडले, खाणावळवालीने भाकरी निवडली; दोन्ही त्यांना निजेतही येत होते. "घरबसल्या हजारो मिळवा" अशा जाहिराती येतात आणि आधी नोंदणीचे किंवा यंत्राचे पैसे भरा असे सांगतात, त्यांपासून सावध असावे. जो काम देण्याआधी आपल्याकडूनच पैसे मागतो, त्याचा धंदा आपल्या पैशांवर चालतो, आपल्या कामावर नव्हे.

दुसरी गोष्ट, आपल्या श्रमाची किंमत धरावी. समजा, दिवाळीला एक किलो चकलीला भाजणी, तेल, गॅस, पिशवी मिळून २०० रुपये पडले आणि ती ३०० ला विकली. आपण म्हणतो, शंभर सुटले. पण चार किलो चकलीला दोघी जणी आठ-आठ तास राबल्या, तर ४०० रुपये सोळा तासांत वाटायचे, म्हणजे ताशी २५ रुपये. एवढ्या मजुरीवर आपण परक्याकडे काम करू का? मग भाव वाढवावा, नाहीतर रीत बदलून वेळ वाचवावा. गिरगावच्या खाटेसारखी एखादी युक्ती प्रत्येक कामात दडलेली असते, पण ती वेळेचा हिशेब मांडल्यावाचून दिसत नाही.

तिसरी गोष्ट, एकच प्रत ठेवावी आणि ती उत्तम. अन्नपदार्थ विकायचे तर सरकारी नोंदणीही करावी. लहान धंद्याला ती लागत नाही असा पुष्कळ जणींचा समज आहे, तो बरोबर नाही.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट मालकीची. आपल्या वस्तीत व्यापारी साड्यांना फॉल लावण्याचे, टिकल्यांची पाकिटे भरण्याचे, कपड्यांचे दोरे कापण्याचे काम बायकांना घरी आणून देतात. गरज असेल तिने ते अवश्य करावे, त्यात कमीपणा नाही. परंतु दर त्याने सांगायचा, नगही त्यानेच मोजायचे आणि वाईट निघाल्याचे खापर आपल्यावर, हा विडीचाच व्यवहार झाला. त्यातून पैसे मिळतील, पण समाधान मिळणार नाही, कारण समाधान हे कामाच्या नावात नसते. पापड लाटताना हात दुखतातच. लाटणारीला समाधान वाटते ते यासाठी की पाकिटावरचे नाव आपले आहे, वहीतला हिशेब आपल्याला विचारता येतो आणि उद्या बैठकीत आपले मत मोजले जाणार आहे.

एका शंकेला येथे उत्तर दिले पाहिजे. कोणी म्हणेल, चार बायका एकत्र आल्या की भांडणे होतात, त्यापेक्षा आपले आपण बरे. भांडणे होतात हे खरे आहे, आणि ती बहुधा पैशांवरून होतात. पण पैशांवरून भांडण होते ते हिशेब झाकलेला असतो तेव्हा. मिळून केलेल्या कामाची वही उघडी असली की वाद लवकर मिटतो. शिवाय एकटीचे काम तिच्या दुखण्याला, बाळंतपणाला, घरातल्या लग्नकार्याला थांबते आणि थांबले की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. चौघी असल्या तर एक बसली तरी तिघी चालवितात. गिरणगावातल्या बायकांना संकटात तगवले ते याच गोष्टीने.

तेव्हा मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दर वर्षी दिवाळीच्या फराळाची मागणी आपल्या काही भगिनींकडे येते आणि जिच्याकडे येते ती आपल्या ओळखीने ती पुरी करते. या वर्षापासून ही मागणी मंडळाच्या नावाने घ्यावी. प्रत सर्वांनी मिळून ठरवावी, कामाचे तास लिहावेत, प्रत्येकीला तिच्या कामाप्रमाणे मजुरी द्यावी आणि वर उरेल ते मंडळाच्या खात्यात सर्वांच्या नावे ठेवावे. ज्या भगिनींची स्वतःची ठरलेली गिऱ्हाइके आहेत त्यांची ती त्यांच्याकडेच राहोत. नव्या मागणीपासून आरंभ करू. त्यासाठी मोठे भांडवल नको. एक जाड वही, एक वजनकाटा आणि दर आठवड्याला ती वही सर्वांसमोर वाचून दाखविणारी एक भगिनी, एवढे पुरे आहे.

पहिले वर्ष कदाचित हातात फार पडणार नाही. गिरगावच्या भगिनींचा ६,१९६ रुपयांचा आकडा त्या वेळी आठवावा. येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, अशी चिटणीसबाईंना नम्र विनंती करते आणि सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन हे लिखाण पुरे करते.